जुनी गाडी गेली कुठे

आमच्या घरात संशय घ्यायचं काम माझ्याकडे आहे. दुधात पाणी किती, गॅसचं सिलिंडर पूर्ण भरलेलं की नाही, ऑटोवाला देवास गेटला लांबच्या रस्त्याने का नेतोय, हे सगळं मी बघायचं आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, "जाऊ दे ना" म्हणायचं. मी उज्जैनच्या एका सरकारी कन्याशाळेत संस्कृत शिकवत होते. परीक्षेला मी वर्गावर आले की मागच्या बाकांवरच्या मुली आपणहून चिठ्ठ्या खिडकीबाहेर टाकत. हे सिंचन खात्यात सब-इंजिनियर. कुणी 'साहब' म्हणून नमस्कार केला की विरघळायचे. अशा माणसाला बाजारात एकटं सोडू नये असं माझं मत होतं, आणि ते मी कुणापासून लपवलेलं नव्हतं.

पण पहिली गाडी घेताना मीही हुरळले, खोटं कशाला बोलू. आमच्या लहानपणी उज्जैनला गाडी म्हणजे डॉक्टरची नाहीतर मंडीतल्या शेठची. आता बाजार खुला झाला होता आणि फायनान्सवाले स्वतः ऑफिसात येऊन, स्वतःच चहा मागवून किस्त, म्हणजे महिन्याचा हप्ता, समजावून सांगत होते. इंदूरच्या एका फायनान्स कंपनीचं पाच वर्षांचं कर्ज काढलं. त्याला जामीन हवा होता, म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून मला तो एवढा एकच उरला होता. तो इथेच एका सरकारी बँकेत क्लार्क होता. रविवारी सकाळी आला आणि पोहे-जलेबी खाता खाता सही करून मोकळा झाला. दिवसभर लोकांच्या सह्या तपासणारा माणूस, पण त्याने त्या कागदातली एक ओळ वाचली नाही. "तू सांगतेयस ना ताई, मग झालं," म्हणाला.

दोनेक वर्षांत सगळं पालटलं. परदेशी कंपन्या नवीन मॉडेलं घेऊन आल्या, तशी आमच्या गाडीच्या कंपनीने घाबरून आपल्याच गाडीची किंमत उतरवली. शेजाऱ्यांनी तीच गाडी कोरी करकरीत आणली, आम्ही दिले त्याहून कमी पैशांत, वर एसी. आमच्या किस्ती मात्र जुन्याच भावाने चालू. मला राग आवरेना. भावाकडे जेवायला गेलो होतो, तिथे पंगतीत मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या साहेबांना लुटायला चोर लागत नाही, ते सरळ दुकानात जाऊन लुटून घेतात." सगळे हसले, भाऊ जरा जास्तच हसला. हेही हसले, पण मग वाढायला येणाऱ्या प्रत्येकाला नको म्हणत राहिले.

त्यानंतरच्या मार्चमध्ये इंदूर रोडवरच्या एका शोरूमने एक्स्चेंज मेळा लावला. तंबू, भोंगा, 'पुरानी लाइए, नई ले जाइए'. हे मला घेऊन गेले. तिथला सेल्समन मराठी निघाला. चाळिशीचा, कपाळाला टिळा, शिंद्यांच्या काळापासून आम्ही इथलेच म्हणाला. आपल्या लोकांचं इथे एक ठरलेलं आहे. हिंदीत कसून घासाघीस चाललेली असते, आणि समोरच्याने मध्येच "म्हणजे आपण मराठी का?" असं विचारलं की आपला माणूस सैल पडतो. मग तुम्ही मूळचे कुठले, गणपतीत मंडळाकडे कधी दिसला नाहीत, सगळं सुरू. हे तर चहा येईपर्यंत त्याच्या काकांचे जुने सहकारी निघाले. मी मात्र तिथेच सावध झाले. मराठी बोलून गाडी विकणारा माणूस हिंदी बोलून विकणाऱ्यापेक्षा दुप्पट लबाड असणार, असं माझं पक्कं मत.

हिशेब मात्र त्याने स्वच्छ सांगितला. "ताई, तुमच्या गाडीला आज जो भाव येतो ना, त्याहून तुमचं कर्ज जास्त बाकी आहे. मधला खड्डा आधी तुम्ही भरायचा. फायनान्सवाल्यांकडून काही बाकी नाही असा कागद आणायचा. मग आम्ही तुमची जुनी गाडी घेतो."

"म्हणजे मुलगी द्या आणि वर हुंडाही द्या," मी म्हटलं. "उठा हो."

आम्ही घरी आलो आणि माझ्यापुरता विषय संपला. पण आठवडाभराने हे ऑफिसातून आले ते खुशीत. म्हणाले, शोरूमच्या मालकाशी बोलणं झालं. मार्च एंडिंग आहे, त्यांना गाड्या काढायच्यात. तो मधला खड्डा नव्या कर्जात घालणार, जुनं कर्ज शोरूमवालेच बंद करणार, किस्त जराशी वाढेल. मी प्रश्नांवर प्रश्न विचारले. बंद करणार कधी? कागद कोण आणणार? तो टिळेवाला मागच्या आठवड्यात एक सांगत होता, आज दुसरं कसं? ह्यांच्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. मला काहीतरी काळंबेरं आहे असं वाटतच होतं, पण ते सगळं मी त्या सेल्समनच्या खात्यावर टाकलं. त्याने आमच्या भोळ्या माणसाला गाठलंय, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

माझ्या डोळ्यांसमोरून ती जुनी गाडी गेली कशी, हे आता सांगते. नवी गाडी गुढीपाडव्यालाच घरी आणायची, ही अट माझी. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या. अमावस्येला दारातली गाडी बाहेर काढायची नाही, हीसुद्धा अट माझीच. आमच्या आईने अमावस्येला जुना पत्र्याचा डबासुद्धा भंगारवाल्याला दिला नसता. तेव्हा जुनी गाडी त्याच्याही आधी एक दिवस जायला हवी होती, आणि त्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी होती सकाळपासून. मी घरी आले तर अंगणात तेलाचा डाग तेवढा राहिला होता. "शोरूमवाले घेऊन गेले," हे म्हणाले. मी डागावर राख टाकली आणि पाडव्याच्या तयारीला लागले.

पाडव्याला घरची गुढी उभारून आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथे ही गर्दी. अर्ध्या उज्जैनला त्याच मुहूर्तावर गाडी हवी होती. पुरुष मंडळी आत काचेमागे सह्या करत होती आणि आम्ही बायका बाहेर ताटं घेऊन उभ्या. मी बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. तो नीट फुटला म्हणून मला समाधानसुद्धा वाटलं. परीक्षेच्या वर्गात दुपट्ट्याच्या घडीतली चिठ्ठी ओळखणारी मी, आणि आत कुठल्या कागदावर काय लिहिलंय हे बघायला गेले नाही, कारण मुहूर्त निघून जाईल. तिथून चिंतामण गणपतीला गेलो. हे गाडी चालवता चालवता गुणगुणत होते.

पुढचे काही महिने मी अधूनमधून विचारायची, जुन्या कर्जाचा कागद आला का. येतोय. साहेब रजेवर आहेत. इंदूरहून निघालाय. प्रत्येक वेळी मी त्या सेल्समनच्या नावाने बोटं मोडली. हे अलीकडे चिडचिडे झाले होते, पान बंद केलं होतं, बाहेर खायला गेलं की पोट बरं नाही म्हणायचे. मी त्यांना इसबगोल देत होते.

गणपतीत, गौरी येण्याच्या दोन दिवस आधी, माझा भाऊ दारात येऊन उभा राहिला. चपला काढल्या नाहीत. फायनान्स कंपनीची नोटीस त्याला मिळाली होती, आणि तीही घरी नाही, बँकेत. जुन्या गाडीच्या किस्ती थकल्या आहेत, कर्जदार भरत नाही, जामीनदाराने भरावेत. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं की हे काय आहे. ऑफिसरच्या बढतीचा त्याचा इंटरव्ह्यू तोंडावर आला होता. त्यासाठी वर्षभर तो पहाटे उठून अभ्यास करत होता, हे मला माहीत होतं.

"ताई, ते कर्ज तर बंद झालं होतं ना?"

"झालंय," मी म्हटलं. "शोरूमने बंद केलंय. अहो, सांगा ना ह्याला."

हे पाटावर गणपतीची आरास नीट करत होते. मागे न वळता म्हणाले, "शोरूमचा काहीतरी घोटाळा असणार. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकलवरून दोघे वसुलीवाले आले. बोलायला सभ्य, पण गेटला टेकून असे उभे राहिले की सगळ्या कॉलनीने बघावं. "मैडम, गाड़ी कहाँ है?"

"शोरूमला दिली. मार्चमध्येच."

ते एकमेकांकडे बघून हसले. "शोरूम को? मैडम, गाड़ी तो नानाखेड़ा बस स्टैंड पर सवारी ढो रही है।"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे त्या चोराने आमची गाडी घेतली, कर्ज भरलं नाही, आणि गाडी परस्पर टॅक्सीवाल्याला विकून पैसे खाल्ले. वर माझ्या भावाच्या गळ्याला फास. मी ह्यांना म्हटलं, उद्या सकाळी शोरूमला जायचं. ह्यांचं म्हणणं, ऑफिसात इन्स्पेक्शन आहे, मी निवांत जाऊन बोलतो, तू नको येऊस, तू भांडशील. भांडणारच होते. मला वाटलं, ह्यांना त्या काकांच्या पुतण्याची भीड पडतेय. नवरा भिडस्त असला की बायकोलाच तोंड वाईट करावं लागतं. मी भावाला निरोप पाठवला.

तो अर्धा दिवस रजा टाकून आला. त्याच्या स्कूटरवर बसून आम्ही इंदूर रोडला गेलो. सेल्समन मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. सगळ्या शोरूमला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हटलं, "आमची गाडी विकून पैसे कुठे गेले ते सांगा. नाहीतर मी इथून पोलिसांत जाते."

"कुठली गाडी, ताई?"

"कुठली म्हणून काय विचारता? जुनी. पाडव्याच्या आधी तुम्ही घरून नेलीत ती."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे. आवाज खाली आणला. "ताई, तुमची जुनी गाडी आमच्याकडे आलीच नाही. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, कर्ज फिटल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. साहेबांनी नव्या गाडीचं डाउन पेमेंट रोख भरलं, बाकीचं कर्ज केलं आणि नवी गाडी नेली. एक्स्चेंज नव्हतंच ते."

"खोटं बोलताय तुम्ही."

"मग साहेबांना विचारा," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. त्याला माझी कीव आली होती, आणि ती मला जास्त झोंबली.

मी आणखी बोलणार होते, पण भावाने माझ्या कोपराला धरलं. "ताई, चल." बाहेर येऊन स्कूटर सुरू करायच्या आधी तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला आधार वाटावा म्हणून बघतोय असं मी धरून चालले. मी म्हटलं, आधी नानाखेड्याला चल.

गाडी मिळाली. वर कॅरिअर बसवलेलं, मागच्या काचेवर 'जय महाकाल'. पण दाराची खालची पट्टी मी स्वतः कॉलनीच्या फाटकावर घासली होती, ती तशीच होती. ड्रायव्हरच मालक होता. पहिल्यांदा घाबरला, मग आम्ही साहेबांच्या घरचे हे कळल्यावर मोकळेपणाने बोलायला लागला. "साहब ने खुद बेची है, भाभीजी. मैंने तो पूरे पैसे नगद दिए. बोले, किस्त मैं भरता रहूँगा, तुम चलाओ, पाँच साल पूरे होंगे तो नाम चढ़वा देंगे।" मग त्याने काळजीने विचारलं, "क्यों, कोई दिक्कत तो नहीं?"

भावाने स्कूटर सुरू केली. मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि आत न येता बँकेत गेला.

संध्याकाळी ह्यांनी सगळं कबूल केलं. लपवायचं काही उरलंही नव्हतं. मधला खड्डा भरायला पैसे नव्हते. मग गाडी बाहेर विकली, आलेले पैसे नव्या गाडीला भरले आणि दोन्ही गाड्यांच्या किस्ती पगारातून भरत राहायचं ठरवलं. जुन्या किस्तींचे चेक ऑफिसजवळच्या बँकेतले होते, म्हणून मला कळलं नाही. पावसाळ्यापर्यंत ओढलं. मग झेपेना.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुन्हा फसलात. पुन्हा तुझ्या भावाच्या घरच्यांसमोर म्हणाली असतीस."

म्हणजे शेवटी चूक कुणाची, तर माझ्या जिभेची. मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन गौरींसाठी भिजवलेली डाळ तशीच ओतून दिली. ज्या माणसाला शहरात कुणीही फसवेल म्हणून मी आयुष्यभर सगळ्या शहरावर पहारा ठेवला, तो माझ्यासमोर बसून, मी दिलेलं इसबगोल पीत, मला फसवत होता. आणि किती सफाईने. दूधवाल्याला जमलं नसतं. मला त्यांची कीवही येत होती, पण ती मी त्यांना दिसू दिली नाही. आजही पूर्ण गेलेला नाही तो राग.

मग निस्तरणं सुरू झालं. पाडव्याची गाडी विकली. नव्या गाडीचा भाव शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच उतरतो, त्यामुळे तिचंही कर्ज तिच्या किमतीत फिटेना. जो खड्डा एका गाडीखाली होता तो आता दोन गाड्यांखाली झाला. फायनान्सवाले दंडावर दंड सांगत होते, ह्यांना ते दंड मान्य नव्हते, वकिलाने वेगळंच काढलं. शेवटी माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, ह्यांनी ऑफिसच्या पतसोसायटीचं कर्ज घेतलं आणि इंदूरला जाऊन मी स्वतः भांडून तडजोड केली. बाकी नसल्याचा कागद हातात घेऊन तिथूनच भावाच्या बँकेत गेले आणि त्याच्या मॅनेजरसमोर ठेवला. मॅनेजर भला होता. पण इंटरव्ह्यू होऊन गेला होता आणि यादीत भावाचं नाव नव्हतं. नोटिशीमुळेच असं कुणी म्हटलं नाही. भाऊ म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

मला वाटलं, सुटलो. पैसे गेले, गाड्या गेल्या, पण भावाच्या मानेवरचं ओझं मी उतरवलं. सगळं उतरवलं आणि त्याने ते बघितलं.

भाऊबीजेला तो एकटाच आला. दरवर्षी भावजय आणि मुलं यायची. "तिचं डोकं दुखतंय," म्हणाला. हे त्याला बघून बाजारात काहीतरी आणायला म्हणून निघून गेले. मी पाट मांडला, ओवाळलं, त्याने ताटात पाकीट टाकलं, मी फराळ पुढे केला. शाळेचं झालं, त्याच्या मुलांचं झालं. मग तो चिवड्यातले दाणे बाजूला करत म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार ना."

"तुला खरंच माहीत नव्हतं?"

शोरूमबाहेर तो माझ्याकडे तसा का बघत होता हे मला त्या क्षणी कळलं. भावजयीचं डोकं का दुखतंय तेही कळलं. नव्हतं रे, मी म्हटलं. तुझी शपथ, नव्हतं. आणि हे बोलतानाच माझ्या लक्षात आलं की हे कुणाला पटणार नाही. माझ्या घरात, माझ्या नाकाखालून एक अख्खी गाडी गेली आणि मला पत्ता नाही, हे माझ्या नवऱ्याबद्दल सगळ्यांनी मानलं असतं. माझ्याबद्दल कोण मानणार? मीच जर दुसरी कुणी असते, तर मीसुद्धा मानलं नसतं. रडले असते तर ते उलट नाटक ठरलं असतं, म्हणून रडलेही नाही.

त्याने मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवला, लहानपणी मी आईसमोर काहीतरी थाप मारली की तो माझ्या बाजूने उभा राहायचा तसा.

"मी घरी तेच सांगितलंय," तो म्हणाला. "कुणीही विचारलं तरी तेच सांगेन. तू काळजी करू नकोस."